अर्धा लिटर

पिंपळधरा फाट्यावर माझी टपरी.
समोर खिळ्यांना टांगलेल्या पाण्याच्या बाटल्या,
आत पाणी नाही.
पंप सतरा किलोमीटर दूर, म्हणून
मी अर्धा अर्धा लिटर विकते, वर दहा रुपये,
आणि सासऱ्यांचा फोटो ठेवते आतल्या फळीवर
भिंतीकडे तोंड करून.
जातीनं आम्ही तेली. घाणा त्यांनीच बंद केला,
बैल विकला, लाट चुलीत गेली,
पण तेल काही घरातून गेलं नाही.

आज साडेदहाची एसटी आली नाही.
त्यामुळे देशाचा प्रश्न निघाला.

ढोक मास्तर म्हणाले, बाहेरून तेल आणणं म्हणजे
दुसऱ्याच्या विहिरीत पोहरा सोडणं.
त्यानं दोर कापला की बसा काठावर.
मक्याचं स्पिरिट करा, गाडीत घाला.
"मका गाडीले पाजान, तं कोंबड्याईले काय टाकू?"
मंजुळा आत्रामनं विचारलं.
तिच्याकडे चारशे पक्षी आहेत, आणि ती एकटी.
सादिकनं आपल्या बॅटरीच्या ऑटोवरची धूळ पुसली.
"मास्तर, मी सोडलं न तेल. सुटते."
"आन् रातची लाइन गेली का?"
"मंग मी झोपतो."

मग कोणीतरी रतनज्योतचं नाव काढलं.

ते साल मला आठवतं.
साहेब जीपमधून आले, इंजिन चालू ठेवूनच बोलले:
बांधावर लावा, बकरी खात नाही, पाणी मागत नाही,
डिझेल आता झाडाला लागेल.
लावलं. बकरीनं खरंच खाल्लं नाही.
बिया धरल्या, वाळल्या, न्यायला कोणी आलं नाही.
शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून
गोमाजीच्या गणूनं खाल्ल्या, दोघा पोरींना दिल्या.
सांजेला तिघंही ओकून ओकून पांढरी फटक.
दोन मोटारसायकली, मधे पोरं धरून,
रस्ता असा की दिवा उडून उडून आभाळावर पडायचा.
टाक्या मी भरल्या.
त्या रात्रीचे पैसे वहीत नाहीत.

वाचली तिघंही. गणू आता नागपुरात
लोकांच्या दारी गरम जेवण पोचवतो,
रोजचं तीन लिटर जाळतो, बापाला फोनवर सांगतो.
गोमाजी इथेच होता बाकावर,
भजं मोडून खात होता, बोलला नाही.

मी दुसरा घाणा सोडला.
आमच्याकडे आता घाणा म्हणजे एवढाच.
म्हटलं, मास्तर, तुम्ही खाता ते ज्यात तळलं
तो डबाही जहाजातूनच येतो म्हणे.
मास्तरांनी भजं पाहिलं, पालथं करून पाहिलं,
जणू मागे शिक्का असावा.
"मंग जवसाचं वापर न वं," मंजुळा म्हणाली.
जवसाच्या वासानं तूच पहिले उठशील, मी म्हटलं.
"करडी," गोमाजी म्हणाला.
एवढंच. सगळे त्याच्याकडे वळले,
तो पुढे बोलेल म्हणून थांबले.
त्यानं कागदाला हात पुसले.

करडी. पिकली की काटे असे
की सासू पोटऱ्यांना गोणपाट गुंडाळून कापणीला जायची.
काट्यांच्या भीतीनं डुकरं येत नसत, आणि पुढे
मजूरही आले नाहीत.

बारा वाजले. एसटी येत नाही हे नक्की झालं.
सादिकनं मीटर पाहिलं: अकरा टक्के.
अकरा टक्क्यांत माणसं जात नाहीत.
त्यानं मास्तरांची पिशवी आणि मंजुळाचं खाद्याचं पोतं घेतलं,
ऑटो निघाला, मागून सगळे चालत,
वाद घालतच, मास्तर छत्रीनं हवेत आकडे काढत.
वळणापर्यंत ऐकू येत होतं.
शब्द नाही, फक्त चढ.

गोमाजी राहिला. "अर्धा दे," म्हणाला.
नरसाळं लावलं. थोडं हातावर सांडलं.
पेट्रोल हातावर थंड लागतं,
पाहता पाहता उडून जातं, डागही ठेवत नाही.
सासऱ्यांचे हात मरेपर्यंत चकाकत होते.

"पैसे लिही," तो म्हणाला, किक मारली.
मी लिहिले.